कप्पी, नोंद ६ : अर्धा सेकंद सापडला

कप्पीवरून दोऱ्याने लटकवलेल्या दोन डब्यांपैकी जड डबी खाली यायला गणितापेक्षा अर्धा सेकंद जास्त घेत होती. मागच्या दोन नोंदींत ज्या अर्ध्या सेकंदापायी रडकुंडीला आलो होतो, त्याचा हिशेब रविवारी रात्री लागला. झोप उडाली ती उडालीच.

मांडणी तीच. जिन्याच्या कठड्याला कप्पी, तंगूस, दोन डब्यांत कृष्णेची वाळू. एक डबी २२० ग्रॅम, दुसरी २००, उतरायला दीड मीटर. वहीतल्या कप्पीला ना वजन, ना घर्षण. त्यामुळे वस्तुमानांतला फरक भागिले बेरीज, गुणिले जी (गुरुत्व त्वरण), एवढ्यात त्वरण मिळतं. सांगलीला जी ९.७८ धरला की वेळ येते २.५४ सेकंद. फोनच्या सेकंदाला २४० फ्रेमच्या चित्रणात मात्र पाचही वेळा २.९७ ते ३.०४ च्या मधे. एवढा फरक बोटाच्या चुकीने पडत नाही.

पहिला संशयित कप्पीच. पितळेची, १२० ग्रॅमची. डबी खाली येताना कप्पीलाही फिरवावं लागतं, म्हणजे दोन्ही बाजूंचा ताण सारखा राहत नाही. एफबीडी (वस्तूवरच्या बलांची आकृती) काढताना आपण सगळे सवयीने दोन्हीकडे ताणासाठी एकच टी लिहितो, ते इथे सोडावं लागतं. भरीव चकतीचं निम्मं वस्तुमान छेदात मिळवायचं, म्हणून ४२० चे झाले ४८०. वेळ आली २.७१. तरी जवळजवळ तीन दशांश सेकंद शिल्लक! इथे मी आठ दिवस अडकलो. तंगूस बदलला, वाळू पुन्हा तोलली, हवेच्या रोधाचं गणित मांडलं (नगण्य निघालं). कप्पी जिथून आणली त्या दुकानदाराने भोक बरोबर मध्यावर असल्याचं छातीठोक सांगितलं होतं. ते नव्हतं. कुपवाड एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून बसवून घेतलं, तरी वेळेत फरक नाही.

शेवटी सोपं काहीतरी करून पाहिलं. दोन्हीकडे २००-२०० ठेवले आणि एका बाजूला थोडं थोडं वजन वाढवत हलका धक्का देत गेलो. डबी थांबत नाही, वेगही घेत नाही, अशी जागा शोधायची होती. ती एका रुपयाच्या नाण्यावर सापडली! नाणं ३.८ ग्रॅमचं. म्हणजे २० ग्रॅमच्या फरकातले ३.८ आसाचं घर्षणच खातं, ओढायला उरतात १६.२. पुन्हा आकडा घातला, तर ३.०१ सेकंद. मोजलेली सरासरी ३.००. वही तशीच उघडी ठेवून घरातल्यांना उठवून दाखवलं.

याच मांडणीचं यंत्र जॉर्ज ॲटवूडने १७८४ मध्ये पुस्तकात छापलं, त्यात मुख्य चाकाचा आस चार छोट्या चाकांवर टेकवला होता. ते का, हे आता बोटांना कळलं.

मग आलेख, आडवा अक्ष वस्तुमानांतला फरक, उभा त्वरण. एकूण वस्तुमान बदललं की आसावरचा भार बदलतो आणि घर्षणही. म्हणून बेरीज ४२० च ठेवून नाणी एका डबीतून दुसरीत हलवली. पहिल्या संध्याकाळी जी आला १९.४. एक नाणं हलवलं की फरक ३.८ ने नाही, ७.६ ने वाढतो, एवढंच विसरलो होतो. नव्याने हे करणाऱ्यांनी तेवढं वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. दुरुस्त केल्यावर चारही बिंदू सरळ रेषेत बसले. रेषा आडव्या अक्षाला ३.५ ग्रॅमवर छेदते, म्हणजे घर्षण तिथेही दिसतंच. चढावरून जी ९.७०.

तोलायला विट्याच्या गलाईवाल्या (सोनं-चांदी गाळणाऱ्या) मित्राचा खिशातला काटा वापरला. स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमच्या खाली बोलत नाही, या कामाला तो घेऊ नका.

पुढे घर्षण कमी करायला ६०८ नंबरचं बेअरिंग बसवायचं ठरवलं होतं. रबरी झाकण काढायचं, ग्रीस रॉकेलने धुवायचं, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडायचा. पण हे लिहिता लिहिता एक गोष्ट डोक्यात आली. तंगूस कप्पीच्या काठावरून जातच नाही, खाचेतून जातो. काठाची त्रिज्या ३० मिमी, खाचेच्या तळाची २८. शिवाय खाच कोरताना काठाचं पितळ गेलंय. म्हणजे कप्पीचे म्हणून छेदात मिळवलेले ते ६० ग्रॅम अंदाजाचे आहेत आणि ९.७० वरही तेवढाच भरवसा.

तेव्हा बेअरिंग बसवल्यावर पहिलं काम कप्पीचं जडत्व (फिरायला ती किती विरोध करते ते) मोजण्याचं. कप्पीच्या काठाला एक रुपया चिकटवायचा, थोडं फिरवून सोडायचं आणि झोके मोजायचे. नाणं खाली येऊ पाहतं, कप्पी लोलकासारखी डोलते, आणि झोक्याच्या काळातून जडत्व थेट निघतं, चकतीचं सूत्र लागत नाही. माझ्या अंदाजाने एक झोका साधारण १.४ सेकंदांचा यावा. बेअरिंग उद्या आणतो.