सकाळी सात वाजताचं पॅरासिटामॉल

कोविडच्या दिवसांत पाळणाघराच्या दारात टेम्परेचर गन आली आणि तिथेच राहिली. ती असू द्या, पण तिच्या भरवशावर राहू नका. मे महिन्यात स्कूटीवर पुढे उभं राहून आलेल्या लेकराचं कपाळ तापलेलंच असतं, डिसेंबरच्या सकाळी ते गार पडलेलं असतं. दोन्ही आकडे फसवे. दहा-पंधरा मिनिटं सावलीत बसवा आणि साध्या डिजिटल थर्मामीटरने काखेत मोजा. ९९.५ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त भरला, तर ताप समजायचा.

त्याहून मोठी फसवणूक सिरपची. पॅरासिटामॉलचा असर चार ते सहा तास टिकतो. सातला पाजलं तर नऊला आकडा नॉर्मल, आणि बारापर्यंत पोर पुन्हा फणफणतं. तोवर सगळ्यांच्या खेळण्यांना त्याचा हात लागलेला असतो. म्हणून दारात रोज विचारायचं, “आज काही औषध दिलंय का? किती वाजता?” खरं उत्तर हवं असेल, तर आजारपणाच्या दिवसांची फी पूर्ण लावू नका. आईला ऑफिसातून सुट्टी मिळत नाही आणि इकडे पैसेही जातात, मग ती लपवणारच.

आजारी मुलाला परत कधी घ्यायचं, हे प्रवेशाच्या वेळीच लेखी द्या. औषधाशिवाय २४ तास ताप नसावा. उलटी-जुलाब थांबून ४८ तास झालेले असावेत. कांजिण्यांचे सगळे फोड खपली धरलेले असावेत. गोवरात पुरळ उठल्यापासून चार दिवस घरी. चालू साथीच्या आजारासाठी त्या वेळची सरकारी सूचना पाळायची.

आता हवा, कारण सगळ्यात जास्त दुर्लक्ष तिच्याकडेच होतं. आपल्या नागपुरातली बहुतेक पाळणाघरं घराच्या समोरच्या खोलीत चालतात, मग ती धरमपेठेत असोत की मानेवाड्यात. उन्हाळ्यात इथला कूलर खरं तर वरदान आहे: खिडकीबाहेर बसवलेला कूलर बाहेरची ताजी हवा आत ढकलतो. पण समोरची खिडकी किंवा दार उघडं असेल तरच, नाहीतर खोली नुसती दमट होते. खोलीच्या आत ठेवलेला कूलर आणि स्प्लिट एसी तीच हवा फिरवत राहतात. एसी लावायचाच असेल, तर वरचं झरोक्याचं दार उघडं ठेवा आणि एक्झॉस्ट चालू ठेवा. थोडी थंडी वाया जाते, जाऊ द्या. कूलरची टाकी दर आठवड्याला रिकामी करून आतून घासायची, नाहीतर एका साथीतून सुटून डेंग्यूत सापडाल.

झोपवताना गाद्यांमध्ये तीन फूट अंतर ठेवा, एकाचं डोकं दुसऱ्याच्या पायाकडे. पाच वर्षांखालच्या मुलांना मास्क लावू नये. मावशींनी मात्र लावावा. मुलांचे ठराविक गट करा, प्रत्येक गटाची मावशी ठरलेली. मग एक आजारी पडलं, तर एकच गट बंद ठेवावा लागतो. पालकांना त्याच दिवशी कळवा, पण ग्रुपवर लेकराचं नाव टाकू नका.

डायपर बदलणाऱ्या मावशींनी त्या दिवशी डबे उघडू नयेत. माणसं कमी असली तरी ही वाटणी मोडायची नाही. डायपर बदलल्यावर लेकराचेही हात साबणाने धुवा. नुसत्या सॅनिटायझरवर उलटी-जुलाब करणारा नोरोव्हायरस आणि हात-पाय-तोंडाच्या आजाराचे विषाणू नीट मरत नाहीत.

हायपोचं, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट या क्लोरीनच्या जंतुनाशकाचं, गणित सोपं आहे. कॅनवर ५ टक्के लिहिलं असेल, तर २० मिली घेऊन पाण्याने एक लिटर करा. खेळणी आणि दाराच्या कड्यांसाठी एवढं पुरतं. उलटी किंवा शी सांडली असेल, तर २० ऐवजी १०० मिली. आधी घाण उचलून साबणाने पुसा, कारण घाणीवर क्लोरीनचा जोर संपतो. मग दहा मिनिटं ओलं राहू द्या. तोंडात जाणारी खेळणी नंतर साध्या पाण्याने धुवून वाळवा. द्रावण रोज नवं, झाकून, उन्हापासून दूर ठेवा. संडास धुण्याच्या अ‍ॅसिडमध्ये हायपो कधीच मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

नागपूरच्याच नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने २०२१ मध्ये मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांवर कोविडची आरटी-पीसीआर तपासणी करण्याची सोपी पद्धत काढली. पण दोन वर्षांचं पोर गुळणी करत नाही, गिळून टाकतं. त्यामुळे या वयात आपली नजरच कामाची. शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा: दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा मिनिटाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा जास्त भरला, तर लगेच डॉक्टरकडे न्या. श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, तर पालक येईपर्यंत थांबू नका. त्यांना थेट दवाखान्यातच बोलवा.