मापाच्या वहीतली दहावी

शाळा सुटली तेव्हा मी दहावीत होते. १९९७ ची दिवाळी. बाबा अंथरुणाला खिळले होते, घरात थोरली मीच. आईनं हप्त्यानं शिलाई मशीन आणलं आणि सुट्टी संपल्यावर मी वर्गात न जाता मशीनवर बसले. त्याचं दुःख करायला तेव्हा वेळ नव्हता. लग्न होऊन कराडजवळच्या गावात आले, तेव्हा ते मशीनही माझ्याबरोबर आलं. आमचे अहो गवंडीकाम करतात, मी ब्लाऊज शिवते, दोन मुली शिकल्या. अशी पंचवीस वर्षं गेली.

२०२२ साली एका संस्थेला शिवणवर्गासाठी शिक्षिका हवी होती. माझ्या हातचं काम त्यांनी पाहिलं होतं, त्यांना ते आवडलंही होतं. फक्त दहावीची गुणपत्रिका आणा, म्हणाले. मी घरी आले, मशीन उघडलं आणि बराच वेळ सुईत दोराच ओवला नाही. जागा गेली याचं तितकं काही वाटलं नाही. एक गोष्ट मी अर्ध्यात सोडली होती आणि ती अजून तशीच पडून होती, हे त्या दिवशी टोचलं.

धाकटीनं मोबाईलवर शोधून सांगितलं, "आई, सतरा नंबरचा फॉर्म भरायचा. शाळेत न जाता परीक्षा देता येते." खासगी विद्यार्थी म्हणून बसायचं, आपल्या जवळची एक शाळा संपर्क केंद्र म्हणून निवडायची, तिथंच तोंडी परीक्षा आणि विज्ञानाचे प्रयोग द्यायचे. अर्ज ऑनलाइन असतो, पण कागद हातात लागतात आणि त्यातला पहिला कागद म्हणजे शाळा सोडल्याचा मूळ दाखला.

त्या दाखल्यासाठी माहेरच्या गावी गेले. शाळेतल्या लेखनिकांनी जनरल रजिस्टर काढलं. पिवळी पडलेली पानं, शाईनं लिहिलेली नावं. माझी ओळ सापडली. पुढं माझं नाव, बाबांचं नाव, माहेरचं आडनाव. आधार कार्डावर मी सासरची, रजिस्टरात माहेरची. नाव बदलून घ्यायची खटपट करावी का, असं मनात आलं. मग ठरवलं, नको. जिनं शाळा सोडली तिच्याच नावानं परीक्षा होऊ दे. पुढं प्रवेशपत्र हातात आलं तेव्हा त्यावर बाबांचं नाव छापलेलं होतं. ते जाऊन तेरा वर्षं झाली होती.

सुरुवात मी मोठ्या उत्साहानं केली. मशीनच्या वर भिंतीवर कागद चिकटवला: ८५ टक्के. पहाटे साडेचारला उठायचं, दोन तास अभ्यास, मग पाणी भरायचं, डबे करायचे. वीस दिवस जमलं. त्यानंतर एक दिवस चुकला, मग चार, मग आठवडा. त्या कागदाकडं बघितलं की अभ्यास करावासा वाटायच्या ऐवजी धडधडायला लागायचं. धाकटीशिवाय मी हे कुणाला सांगितलंही नव्हतं. गिऱ्हाइकांना तर नाहीच. पुस्तकं कापडाच्या गठ्ठ्याखाली ठेवायची आणि कुणी आलं की वर साडी टाकायची.

आणि मार्च महिना. ज्यांच्या घरात शिवणकाम नाही त्यांना हे कळायचं नाही. फेब्रुवारीपासून लग्नसराई. नवरीचे पाच, करवल्यांचे तीन, आईचे, आत्याचे, सगळे अस्तराचे आणि सगळे "ताई, परवा पाहिजेच". वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा याच दिवसांत येतो आणि दहावीची लेखी परीक्षाही नेमकी याच दिवसांत. २०२३ च्या मार्चमध्ये मी रात्री एकपर्यंत हूक-आय लावत होते आणि सकाळी अकराला पेपरला बसत होते.

२ जूनला दुपारी एक वाजता निकाल लागला. सहापैकी पाच विषय सुटले. मराठीत तर चांगले ६८. गणितात २१.

रडले, पण संडासात जाऊन. धाकटीशिवाय कुणाला ठाऊकच नव्हतं, तर रडायचं कुणाजवळ? आज मागं वळून पाहताना वाटतं, त्या पहिल्या वर्षातली माझी सगळ्यात मोठी चूक हीच होती. गणित कच्चं असणं त्या मानानं लहान.

जुलैच्या पुरवणी परीक्षेला पुन्हा बसले. सुटलेले विषय पुन्हा द्यावे लागत नाहीत, तेवढा एकच द्यायचा. जूनमध्ये गणवेशांची घाई झाली की आषाढात आमचं काम थंडावतं, त्यामुळे वेळ होता. तीन आठवडे नुसतं गणित केलं. शेजारचा डिप्लोमाला असलेला मुलगा संध्याकाळी तासभर शिकवायला यायचा. "काकू, तुम्हाला उत्तर येतंय की!" असं तो चार-चारदा म्हणायचा. आणि खरंच यायचं. ऑगस्टच्या अखेरीस निकाल लागला. २४.

या वेळी मला रडू आलं नाही. दोन दिवस मी कुणाशी नीट बोलले नाही. तिसऱ्या दिवशी अहो म्हणाले, "भिंत वाकडी झाली तर आपण आधी ओळंबा लावून बघतो, कुठल्या थरापासून वाकली ते. सगळी पाडत नाही." एवढंच बोलून ते कामावर गेले. त्या शेजारच्या मुलाला मी विचारलं, माझा पेपर मला बघायला मिळेल का? मिळतो. मंडळाकडं ऑनलाइन अर्ज आणि शुल्क भरलं की उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळते. हे मला पहिल्याच निकालानंतर ठाऊक असतं तर जुलै वाया गेला नसता. नापास झालेल्या प्रत्येकानं हा अर्ज करावा, असं मला मनापासून वाटतं. गुण वाढवून मिळतील या आशेनं करू नये, स्वतःचं काम स्वतःच्या डोळ्यांनी बघायला मिळावं म्हणून करावा.

छायाप्रत आली. पोरीच्या मोबाईलवर एकेक पान मोठं करून पाहिलं आणि सगळं उलगडलं.

दोन समीकरणं सोडवायची होती. मी लिहिलं होतं: क्ष बरोबर तीन, य बरोबर दोन. उत्तर बरोबर होतं. तीनपैकी एक गुण. वर एकही पायरी नव्हती. मी ते तोंडी केलं होतं, जसं मी ब्लाऊजचं करते. छाती छत्तीस म्हणजे चौथा भाग नऊ, त्यात शिलाईचं दीड, कापडावर खडूनं खूण, कैची. मधलं काही मी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं. बोर्डाच्या पेपरात गुण त्या मधल्याचेच असतात. पुढच्या पानावर त्याहून वाईट होतं. 'कृती पूर्ण करा' असे प्रश्न असतात, त्यात रिकाम्या चौकटी असतात. ती पूर्ण कृती उत्तरपत्रिकेत उतरवून चौकटी भरायच्या असतात. मी नुसते आकडे एकाखाली एक लिहून ठेवले होते. भूमितीतलं प्रमेय तर पक्ष, साध्य, सिद्धता असं काहीच न मांडता आकृती काढून सोडून दिलं होतं. आकृती सुबक होती. माझा हात वळणाचा आहे.

म्हणजे मला गणित येत नव्हतं असं नाही. मला ते लिहून दाखवता येत नव्हतं. हे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी.

त्या दिवशी भिंतीवरचा ८५ टक्क्यांचा कागद काढला. माझी मापांची वही घेतली, ज्यात गिऱ्हाइकाचं नाव, उंची, छाती, मुंढा, बाही, गळा आणि खाली देण्याची तारीख लिहिते. नवं पान उघडलं. नावाच्या जागी माझं नाव लिहिलं, माहेरचं. खाली: वर्गसमीकरणं, सूत्र पद्धत, सहा उदाहरणं, सर्व पायऱ्यांसह. द्यायची तारीख: सोमवार.

सव्वीस वर्षांत मी कुणाचा ब्लाऊज तारखेला दिला नाही असं क्वचित झालं असेल. ताप असला तरी दिला आहे. दुसऱ्याला शब्द दिला की माझा हात आपोआप चालतो. स्वतःला मात्र मी कधी तारीखच दिली नव्हती, नुसती एक मोठी इच्छा भिंतीवर लावली होती. आणि ब्लाऊज कुणी एकदम शिवत नाही. पाठ, पुढचे भाग, बाह्या, पट्ट्या वेगवेगळ्या कापायच्या, एकेक जोडायची. गणिताचंही मी तसंच केलं. एका वेळी एकच तुकडा. वेळ पहाटेची ठेवली नाही, कारण पहाट मला पेलत नाही हे मी एकदा पाहिलं होतं. दुपारी दोन ते पावणेतीन, शटर अर्धं खाली ओढून. बरोबर पाऊण तास, एका साध्या ब्लाऊजच्या शिलाईएवढा. जास्त नाही. एखादी सोमवारची तारीख हुकली तर गिऱ्हाइकाला सांगतो तसं स्वतःला सांगायचं, उद्या संध्याकाळी नक्की, आणि खोडून नवी तारीख घालायची. पान फाडायचं नाही.

आणि मग गणित माझ्या दुकानात येऊ लागलं. अर्थनियोजनाच्या धड्यात केंद्राचा आणि राज्याचा वस्तू व सेवा कर होता. मी अस्तराच्या कापडाचं बिल काढलं: कापड १,२०० रुपयांचं, अडीच टक्क्यानं तीस आणि पुन्हा अडीच टक्क्यानं तीस, एकूण १,२६०. वर्तुळाचा परीघ आला तेव्हा तर मी मशीन थांबवलं. घेरदार परकर कापताना आम्ही कमरेच्या मापाला सहानं भागतो आणि त्या अंतरावर टेप फिरवून गोल आखतो. का भागतो, कुणी सांगितलं नव्हतं. पुस्तकात परीघ म्हणजे २π गुणिले त्रिज्या. कंबर २८ इंच असेल तर त्रिज्या २८ गुणिले ७ भागिले ४४, साधारण ४.४५. सहानं भागून ४.६७ येतं, पण मी हातानं साडेचारच घेते. माझी शिकवणारी बाई हे सूत्र जाणत होती की नाही कुणास ठाऊक, पण तिचा हात बरोबर होता.

समरूपतेत मात्र शिवणकामानं थोडा घोटाळा केला. लहान मुलीचं पोलकं मोठ्या बाईच्या ब्लाऊजचं लहान रूप नसतं. खांदा आणि मुंढा एकाच प्रमाणात वाढत नाहीत. हे मी त्या मुलाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग काकू, ते समरूप नाहीत. समरूप म्हणजे कोन सारखे आणि सगळ्या बाजू एकाच प्रमाणात." त्या उत्तरानं मला तो धडा कायमचा कळला. पायथागोरस मला अहोंनी शिकवला. जेवणानंतर ओट्यावर दोरी घेऊन बसले, तीन हात, चार हात, पाच हात. पायाची आखणी करताना काटकोन असाच काढतात. "याचं नाव मला ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. मग त्यांनी माझ्या वहीत सिद्धता पाहिली, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

जानेवारीत पुन्हा घसरण झाली. सासूबाई पडल्या, मांडीचं हाड मोडलं, दवाखान्यात सतरा दिवस. वहीतल्या पाच तारखा ओळीनं हुकल्या. पहिल्या वर्षी असं झालं असतं तर मी तिथंच थांबले असते. या वेळी त्या पाच ओळींसमोर नव्या तारखा घातल्या आणि दवाखान्यात खाटेशेजारी बसून प्रमेयं पाठ केली. सासूबाईंनाच म्हणून दाखवायचे. त्यांना कळत नव्हतं, पण मी मध्ये अडखळले की "परत म्हण" म्हणायच्या.

फेब्रुवारीत दुकानावर पाटी लावली: 'दहावीच्या परीक्षेमुळे १ ते २६ मार्च शिलाईकाम बंद.' हात थरथरत होता. आता सगळ्या गावाला कळणार होतं. कमाईचं नुकसान झालं, ते मी हलकं करून सांगणार नाही. दोन लग्नांच्या ऑर्डरी दुसरीकडं गेल्या आणि त्यातलं एक घर पुन्हा माझ्याकडं आलं नाही. पण एक म्हातारी आजी पाटी वाचून आत आली आणि माझ्या हातावर पेन ठेवून गेली. तिच्या मागून बँकेतल्या वहिनी म्हणाल्या, "नातीचा ब्लाऊज एप्रिलमध्ये दिलास तरी चालेल." लपवलं होतं तेव्हा हे काहीच मिळालं नव्हतं.

भूमितीच्या पेपरला शेजारच्या बाकावर पंधरा-सोळा वर्षांची पोर होती. कर्कटक आणायचं विसरली होती, डोळ्यांत पाणी. मी पर्यवेक्षकांना विचारून माझ्याकडचं जादाचं तिला दिलं. पेपर हातात आला. वेळ दोन तास, वर वाढीव दहा मिनिटं. पहिलं उदाहरण तोंडीच सुटलं. मी पेन उचललं आणि तरीही पहिल्या ओळीपासून लिहायला लागले.

२७ मे २०२४ ला निकाल लागला. गणितात ४९.

संस्थेतली ती जागा केव्हाच भरली होती. तिथं दुसरी बाई चांगलं शिकवते, मी पाहून आले. गुणपत्रिकेवर विद्यार्थ्याच्या आईचं नावही छापतात. माझी आई पंचाहत्तरीची आहे, तिला वाचता येत नाही. तिचं बोट धरून मी त्या अक्षरांवर फिरवलं. तिनं विचारलं, "एवढंच का माझं नाव?" म्हटलं, होय, एवढंच आहे.

गेल्या आठवड्यात माप द्यायला आलेली एक सून, टेप खांद्यावर असतानाच हळूच म्हणाली, "ताई, शाळा सोडल्याचा दाखला हरवला असेल तर?" मी टेप खाली ठेवला. द्वितीय प्रत मिळते, प्रतिज्ञापत्र करावं लागतं. शाळा कुठली तुझी? ती सांगू लागली. मी वहीचं नवं पान उघडलं आणि वर तिचं माहेरचं नाव विचारून लिहून घेतलं.