रिचमंडचे युद्धकैदी: काय पाहावं, कसं पाहावं

अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६१ ते १८६५ व्हर्जिनियातलं रिचमंड दक्षिणेची, म्हणजे देशातून फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांची राजधानी होतं. आघाडी जवळच, त्यामुळे उत्तरेचे पकडलेले हजारो सैनिक इथेच आणले जात. वॉशिंग्टनहून हे अंतर पावणेदोनशे किलोमीटर. रेल्वेने येणार असाल तर तिकीट मेन स्ट्रीट स्टेशनचंच काढा. स्टेपल्स मिल स्टेशन बरंच लांब पडतं.

मेन स्ट्रीटहून लिबी तुरुंगाची जागा चालत गाठता येते. इमारत मात्र शोधू नका. मुळात किराणा आणि जहाजी सामानाचं ते गोदाम. १८८९ मध्ये ते सुटं करून शिकागोला नेलं. आता विसाव्या रस्त्याच्या टोकाशी पूरभिंतीवर फलक तेवढे आहेत. म्हणूनच इथली हकिकत आधी वाचून या. इथे अधिकारी कोंडलेले असत. उंदरांनी भरलेल्या तळघरातून कर्नल थॉमस रोझ आणि साथीदारांनी बोगदा खणला. हत्यार म्हणजे पटाशी. माती ओढायला दोरी बांधलेली लाकडी पिकदाणी. आत हवा इतकी कमी, की मेणबत्ती विझायची. ९ फेब्रुवारी १८६४ च्या रात्री १०९ जण बाहेर पडले, त्यातले ५९ आपल्या फौजेपर्यंत पोहोचले. फलकासमोर उभं राहून हे आठवलं आणि पाय निघेना.

वेळ कमी असेल तर लिबी आटोपता घ्या, पण बेल आयल चुकवू नका. जेम्स नदीतल्या या बेटावर साधे शिपाई ठेवले होते, फाटक्या तंबूंत, काही तर उघड्यावरच. उत्तरेच्या काळ्या सैनिकांना युद्धकैदी मानायला दक्षिणेने नकार दिला, त्यावरून १८६३ मध्ये दोन्ही बाजूंच्या कैद्यांची अदलाबदल थांबली आणि तीन हजारांच्या छावणीत दुपटीहून जास्त माणसं कोंबली गेली. भूक, थंडी, हगवण. आज तिथे लोक सायकली फिरवतात, खडकांवर ऊन खात पडतात. त्यात गैर काही नाही, पण छावणीच्या मैदानावरचा माहितीफलक न वाचताच बहुतेक जण पुढे जातात, याचं फार वाईट वाटलं.

बेटावर जायला ट्रेडेगर रस्त्यावरून पादचारी पूल आहे, मोठ्या पुलाखाली टांगलेला. प्रवेश मोफत, सूर्योदय ते सूर्यास्त. शनिवार-रविवारी पार्किंग मिळणं कठीण, तेव्हा सकाळीच पोहोचा. नदीला पाणी जास्त असेल तर खडकांवर उतरू नका, धार जबर आहे. शक्यतो हिवाळ्यात जा. बोचरा वारा लागला की ती माणसं इथे कशी राहिली असतील याचा थोडा अंदाज येतो.

पुलाजवळच ट्रेडेगरच्या जुन्या लोखंड कारखान्यात यादवी युद्धाचं संग्रहालय आहे. त्याला तिकीट आहे. ते आधी पाहा, मग बेटावर जा.