देठ नसलेला प्राजक्त

कोथरूडमधल्या एका बाईंच्या घरी आम्ही चौघीजणी दर शनिवारी चिनी मातीच्या बश्या रंगवायला बसतो. तेवढाच तुमचा विरंगुळा, असे शेजारच्या काकू म्हणतात आणि ते खोटेही नाही. पण या विरंगुळ्याला जितकी शिस्त लागते तितकी मला नोकरीतही कधी लागली नव्हती.

पांढरी, झिलई चढवलेली बशी बाजारातून तयारच आणतात. धातूंच्या ऑक्साइडांची आणि कमी आचेवर वितळणाऱ्या काचेची पूड टर्पेंटाइनच्या दाट तेलात घोटायची, कणी लागेनाशी झाली की कुंचल्याने झिलईवर लावायची आणि बशी सुमारे ८०० अंश सेल्सिअसला भाजायची, म्हणजे झिलई किंचित मऊ होऊन रंग तिला कायमचा धरतो. खुद्द पोर्सेलीन भाजायला १३०० अंशांच्या आसपास आच लागते. तीत यातले बहुतेक रंग तगत नाहीत, म्हणून ही दुसरी, सौम्य भट्टी.

माझ्या पहिल्या बशीवर मी प्राजक्त काढला होता. पाकळ्यांना पांढरा रंग लावायचा नसतो. बशीचाच पांढरेपणा राखून कडेने करडी छटा द्यायची. देठांना लोहाचा तांबूस केशरी दिला आणि बशी उत्तम भाजून निघाली. मग मला काठाला गुलाबी वेल काढण्याची दुर्बुद्धी झाली. हा गुलाबी सोन्यापासून करतात आणि त्याला आच अधिक लागते, तर लोहाचा तांबडा जास्त आचेत फिका पडतो. ‘गुलाबी आधी, तांबडा शेवटी’ हे बाईंनी सांगितलेले माझ्या वहीत माझ्याच अक्षरात होते. दुसऱ्या भाजणीनंतर वेल सुरेख उमटली आणि देठ मात्र नाहीसे झाले. आईने बशी हातात घेऊन, “अगं, ही तर तगर झाली,” एवढेच म्हटले.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात सुखवस्तू घरांतल्या बायकांना या छंदाने असेच वेड लावले होते. तिथल्या मेरी लुईस मॅकलॉफ्लिन यांनी १८७७ साली हौशी मंडळींसाठी याची मार्गदर्शिका लिहिली आणि मराया लाँगवर्थ निकोल्स यांनी १८८० मध्ये रूकवुड नावाचा कारखानाच काढला. त्यांनाही कोणी विरंगुळ्याबद्दल विचारले असेलच.

या रंगांत शिसे असू शकते, म्हणून त्या बशीत आम्ही खायचे काही वाढत नाही. आई तीत पूजेची फुले ठेवते. श्रावणात तो खरा प्राजक्त असतो, देठांसकट.