आमची वाटचाल: टेस्टचे तास आणि एक जुना आरोप

आमची कंपनी रुबी या प्रोग्रामिंग भाषेवर उभी राहिली आणि रुबीवरच टिकली. रेल्स या रुबीतील वेब-चौकटीच्या कामांत सुरुवातीची वर्षे सुरळीत गेली, त्यांविषयी विशेष सांगण्यासारखे काही नाही. आम्ही टेस्ट, म्हणजे कोड नीट चालतो का हे तपासणारे छोटे प्रोग्रॅम, लिहून बिल फुगवतो, हा आरोप मात्र अजून मनात आहे.

हा आरोप करणारे, आरंभापासूनचे आमचे एक भागीदार प्रतिस्पर्धी कंपनीत गेले आणि तेच काम टेस्टशिवाय, निम्म्या दरात देण्याचे आश्वासन आमच्याच ग्राहकांना देऊ लागले. ग्राहक एकामागून एक गेले आणि पगार भागवण्यासाठी आम्हाला कर्ज काढावे लागले. गोदामातील मालाची नोंद ठेवणारी प्रणाली ज्यांच्यासाठी आम्ही बांधली होती, ते एकच मोठे ग्राहक थांबले. कोड त्यांना वाचता येत नसे, पण नवा बदल केल्यावर जुने काम बिघडत नाही, हे त्यांनी पाहिले होते. बिलात टेस्टचे तास वेगळे दाखवा, असे त्यांनीच सुचवले.

२५ डिसेंबर २०२० रोजी रुबी ३.० आली. मेथडला (कोडमधील नाव दिलेल्या कामाच्या तुकड्याला) शेवटी दिलेला हॅश (नावे आणि मूल्यांच्या जोड्या) आपोआप कीवर्ड आर्ग्युमेंट (नावाने दिलेली माहिती) मानण्याची जुनी सवय तिने मोडली. २.७ मध्ये याची वॉर्निंग येत असे, परंतु २.७.२ पासून ती मुद्दाम सुरू करावी लागे. आम्ही ती टेस्ट चालवताना सुरू ठेवली होती आणि एकही वॉर्निंग आली तरी बिल्ड, म्हणजे कोड जोडून तपासण्याची प्रक्रिया, थांबत असे. रुबीत अशी चूक ती ओळ प्रत्यक्ष चालेपर्यंत उघड होत नाही. म्हणून ती ओळ ग्राहकाच्या आधी टेस्टने चालवलेली असावी लागते.

नव्या मंडळींना येथे काही सांगावेसे वाटते. आरस्पेक या टेस्ट लिहिण्याच्या साधनात साधा डबल (खऱ्या ऑब्जेक्टची नक्कल) वापरू नका, इन्स्टन्स डबल (खऱ्या क्लासशी ताडून पाहिली जाणारी नक्कल) वापरा. खऱ्या क्लासमधील मेथडचे नाव किंवा आर्ग्युमेंट बदलले, तर साधा डबल काहीच बोलत नाही आणि टेस्ट खोटेच हिरवे, म्हणजे पास झालेले, दिसतात. रुबोकॉप हे कोडची शैली तपासणारे साधन मेथडला मुळात दहा ओळींची मर्यादा घालते. ती वाढवण्याआधी मेथड दोन कामे करते आहे का, हे पाहा. टेस्टने किती कोड चालवला हे मोजणाऱ्या सिम्पलकवमध्ये ब्रँच कव्हरेज (अटीच्या प्रत्येक बाजूची मोजणी) सुरू करा, कारण एका ओळीत लिहिलेल्या अटीची एकच बाजू तपासली गेली, तरी ओळींच्या मोजणीत ती पूर्ण धरली जाते. प्रायव्हेट, म्हणजे फक्त क्लासच्या आतून वापरायच्या, मेथडचे टेस्ट लिहीत बसू नका. बाहेरून दिसणारे वर्तन तपासा.

मार्च २०२३ मध्ये रुबी २.७ ची देखभाल संपली, तेव्हा गेलेल्या ग्राहकांपैकी काहींना नव्या आवृत्तीवर सरकता येईना. टेस्ट नसल्यामुळे काय मोडेल हे त्यांना सांगणारे कोणी नव्हते. ते परत आले. त्यांच्या कोडमध्ये एकही बदल करण्यापूर्वी, तो आज जसा वागतो तसाच आम्ही टेस्टमध्ये नोंदवून घेतला आणि त्या तासांचे पूर्ण बिल लावले. या वेळी कोणीही हरकत घेतली नाही. आमच्या त्या भागीदारांनी आरोप मात्र अजून मागे घेतलेला नाही.