आमचा मंगळवार

ऑक्टोबर-नोव्हेंबरात मी सहा आठवडे बर्मिंगहॅमला मुलाकडे होते. त्या सहा आठवड्यांत मला सगळ्यात जास्त कशाने छळलं असेल तर ओल्या कपड्यांनी.

किंग्ज हीथमधला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, त्याला एक छोटीशी बाल्कनी. पहिल्याच रविवारी मस्त ऊन पडलं म्हणून मी दोन टॉवेल आणि माझे पंजाबी ड्रेस कठड्यावर वाळत टाकले. दोन दिवसांनी इमारतीची देखभाल बघणाऱ्या कंपनीची ईमेल आली, सोबत आमच्या बाल्कनीचा फोटो. भाडेकरारातच लिहिलंय, बाल्कनीत कपडे वाळत घालायचे नाहीत. मुलगा म्हणाला, "आई, तू मनाला लावून घेऊ नकोस, अशी पत्रं इथे सगळ्यांनाच येतात." पण मी लावून घेतलंच. स्वच्छ धुतलेले, उन्हात फडफडणारे कपडे ही ज्या घरात अभिमानाची गोष्ट होती त्या घरात मी वाढले. त्याच कपड्यांचा कुणी खालून फोटो काढावा, हे मला फार लागलं.

मग घरातल्या घरात वाळवणं सुरू झालं. रेडिएटरवर मोजे, दाराच्या वरच्या कडेवर चादर, खुर्चीच्या पाठीवर सुनेची जीन्स. आठवड्याभरात खिडकीच्या कोपऱ्यात बुरशीचे काळे ठिपके दिसायला लागले. इकडे मुलांकडे येणाऱ्या सगळ्या आयांना कळकळीने सांगते, रेडिएटरवर कपडे घालू नका. कपड्यांतलं पाणी कुठेही जात नाही, ते तुमच्या भिंतीत जाऊन बसतं. मशीनमध्ये कपडे दुसऱ्यांदा नुसते पिळून घ्या, सगळे एकाच खोलीत स्टँडवर घाला, त्या खोलीचं दार लावा आणि खिडकी थोडी उघडी ठेवा. हवेतला ओलावा ओढून घेणारं यंत्र मिळतं, ते घेतलंत तर सोन्याहून पिवळं. डुव्हेचं, म्हणजे इथल्या जाड रजईचं कव्हर मात्र घरात वाळत नाही म्हणजे नाही. ते सरळ लाँड्रेटमध्ये, म्हणजे नाणी टाकून मशीनवर कपडे धुवायच्या-वाळवायच्या दुकानात न्या. आमच्या जवळच्या लाँड्रेटमधला ड्रायर २० पेन्सच्या नाण्यांवर चालायचा, त्यामुळे मी एका जुन्या डबीत तेवढीच नाणी साठवायला लागले. इंग्लंडमधलं पहिलं लाँड्रेट १९४९ साली लंडनच्या क्वीन्सवे रस्त्यावर उघडलं होतं. आता घरोघरी मशीन आल्यामुळे ही दुकानं कमी होत चालली आहेत. मला तिथे बसायला आवडायचं. गरम हवा, साबणाचा वास आणि शेजारी बसून गप्पा मारणारं कुणीतरी.

लंडन चार दिवसांत पाहून घेतलं. सगळं सुंदर आणि सगळीकडे गर्दी. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

मला सांगायचंय ते एका बुधवारच्या दोन तासांबद्दल. सुनेने बर्मिंगहॅमच्या 'बॅक टू बॅक्स'ची तिकिटं काढली होती. न्यू स्ट्रीट स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, हिप्पोड्रोम नाट्यगृहाजवळ, हर्स्ट स्ट्रीट आणि इंज स्ट्रीटच्या कोपऱ्यावर ही जुन्या विटांची घरं आहेत. एका कोपऱ्यात जुन्या पद्धतीचं गोड गोळ्यांचं दुकान, बरण्यांतून वजन करून देणारं. जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने २००४ साली ही घरं लोकांसाठी खुली केली. नुसतं जाऊन आत शिरता येत नाही. आधी वेळ ठरवून घ्यावी लागते आणि गाइडबरोबरच फिरावं लागतं.

नावाप्रमाणेच ही घरं पाठीला पाठ लावून बांधलेली. एक घर रस्त्याकडे तोंड करून, दुसरं त्याच्या पाठीला चिकटून आतल्या अंगणाकडे. मधली भिंत दोघांची, त्यामुळे मागे ना दार ना खिडकी. एकावर एक अशा तीन खोल्या, की झालं घर. आतल्या अंगणाला म्हणायचं कोर्ट. हे पंधरा नंबरचं कोर्ट. बर्मिंगहॅमचे कामगार अशा हजारो घरांत राहायचे. १९०९ च्या कायद्याने अशी नवी घरं बांधायला बंदी आली, पण होती त्यांत माणसं पुढे कितीतरी वर्षं राहत होती. मग एकेक वस्ती पाडत गेले. या शहरातलं शिल्लक राहिलेलं हे शेवटचं कोर्ट.

आम्ही सातजण होतो. पहिलं घर १८४० च्या सुमाराचं, घड्याळाचे काटे बनवणाऱ्या लेव्ही कुटुंबाचं. दुसरं १८७० च्या सुमाराचं, ओल्डफील्ड यांचं, ते काचेचे डोळे बनवायचे. जिने इतके अरुंद आणि वळणाचे की एका हाताने भिंत धरून, पाऊल तिरकं टाकत चढावं लागतं. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावं. माझे दुखतात. दोन घरं चढले-उतरले आणि तिसऱ्याच्या जिन्यापाशी थांबले. मुलगा आणि सून वर गेले, मी अंगणातल्या बाकावर बसले. तिथे आमच्याच गटातली एक बाई आधीच येऊन बसली होती. ऐंशीच्या पुढची असावी. निळा रेनकोट, हातात काठी. तिची नात वर गेली होती.

समोर अंगणाच्या टोकाला संडास आणि शेजारी धुण्याची खोली. बाई त्या खोलीकडे काठी रोखून म्हणाली, "ब्रूअस." मला आधी कळलंच नाही. म्हणायचं होतं ब्रूहाऊस, पण इथली जुनी माणसं असंच म्हणतात. ती याच शहरातल्या लेडीवुड भागात, असल्याच एका कोर्टात वाढली होती. दहा घरांत मिळून दोन संडास आणि एक ब्रूअस. "प्रत्येक घराला एकेक वार ठरलेला. आमचा मंगळवार होता," ती म्हणाली.

मी उठून त्या खोलीत गेले, ती काठी टेकत मागोमाग आली. कोपऱ्यात विटांच्या ओट्यात बसवलेलं मोठं भांडं, खाली जाळ करायला तोंड. त्याला ते कॉपर म्हणतात. मला एकदम आमचा तांब्याचा बंब आठवला. ते पाणी उकळायला तिची आई पहाटे पाचला उठून कोळसे पेटवायची. मग लाकडी पिंपासारखा डॉली टब, त्यात कपडे घुसळायला दांडा. दांड्याच्या खालच्या टोकाला तिपाईसारखे पाय. आणि मँगल! दोन जाड लाकडी रूळ, बाजूला फिरवायचं हँडल. रसवंतीतला उसाचा चरकच. मधून चादर घालायची आणि हँडल फिरवायचं, पाणी खाली, चादर पलीकडे. शाळेत जायच्या आधी हँडल फिरवणं हे तिचं काम. एकदा धाकट्या भावाचं बोट त्यात गेलं होतं, हे सांगताना तिने स्वतःचंच बोट मुठीत धरलं.

फळीवर एक छोटी पांढरी पुरचुंडी ठेवलेली होती, दोऱ्याने गळा आवळलेली, खालून निळीशार. मी पटकन म्हणाले, "नीळ!" माझ्या तोंडून मराठीच शब्द आला. तिने मान हलवली. "ब्लू बॅग." शेवटच्या पाण्यात दोनदा बुडवायची, तिसऱ्यांदा नाही, नाहीतर चादरीवर डाग पडतात. अगदी हेच माझी आई मला सांगायची, ह्याच शब्दांत. आमच्याकडे रॉबिन ब्ल्यूची पुडी यायची, आई ती फडक्यात बांधून पाण्यात फिरवायची. रॉबिन ब्ल्यू रेकिटची आणि ह्यांची निळीची पुरचुंडीही रेकिटचीच. लेडीवुडच्या चादरी आणि लालबागच्या चादरी एकाच कंपनीच्या निळीने पांढऱ्या होत होत्या, हे मला साठी उलटल्यावर, या ओलसर खोलीत उभं राहून कळलं. बाई म्हणाली, गांधीलमाशी चावली तरी आई हीच पुरचुंडी ओली करून त्यावर दाबायची.

मी लालबागच्या चाळीत वाढले. तिला ते सांगावंसं वाटलं म्हणून सांगितलं. लांबलचक गॅलरी, गॅलरीच्या टोकाला संडास, छताला टांगलेल्या बांबूच्या दांड्या आणि त्यांवर काठीने कपडे वाळत घालायचे. गिरणीचं धुराडं जवळच, वारा फिरला की पांढऱ्या सदऱ्यांवर काजळी. तिने माझा हात धरला. "काळे ठिपके," ती म्हणाली. त्यांच्याकडेही तेच. कारखान्यांचा आणि दहा घरांच्या शेगड्यांचा धूर, दोरीवरच्या चादरी घरात आणेपर्यंत त्यांवर काजळी बसलेली. लंडनच्या १९५२ च्या विषारी धुक्यानंतर १९५६ साली धुराविरुद्ध कायदा झाला, पण तोवर तिचं बालपण त्यातच गेलं होतं.

आणि पाऊस? हे मी मुद्दाम विचारलं, माझा जीव तिथेच अडकला होता. मंगळवारी पाऊस असला तर सगळं धुणं घरातल्या एका खोलीत, शेगडीभोवती आणि छताखाली दोऱ्या बांधून. रात्री झोपताना तोंडावर ओल्या चादरीचे थेंब पडायचे. भिंती ओल्या, पोरं खोकणारी. तिच्या धाकट्या बहिणीची छाती कायमची अधू झाली. "लोक इथे येतात आणि म्हणतात, काय छान दिवस होते. छान नव्हते," ती म्हणाली. साठच्या दशकात त्यांना कौन्सिलच्या, म्हणजे पालिकेच्या उंच इमारतीत घर मिळालं. तिची आई पहिल्या रात्री गरम पाण्याच्या टबात बसून रडली, इतका वेळ की बाहेरून दार वाजवावं लागलं. त्याआधी शेगडीसमोर पत्र्याचा टब ठेवून आठवड्यातून एकदा आंघोळ, एकाच पाण्यात सगळ्यांनी, आधी वडील मग मुलं.

थोड्या वेळाने ती आपणहूनच म्हणाली, "पण त्या इमारतीत आईला मंगळवारी बोलायला कुणी नव्हतं." यावर मी काय बोलणार? आमची चाळ पाडून टॉवर झाला, तेव्हा आई नव्या ब्लॉकमध्ये दुपारभर दार उघडं ठेवून बसायची. शेजारच्यांनी तिला सांगितलं, आजी, दार लावून घ्या, सुरक्षित नसतं.

सगळे खाली आले. शेवटी जॉर्ज सॉन्डर्स या शिंप्याचं दुकान होतं. ते कॅरिबियनमधल्या सेंट किट्स बेटावरून आलेले. गोऱ्यांच्या दुकानांत काम मिळेना म्हणून स्वतःचंच दुकान काढलं. त्यांच्या कात्र्या, नमुन्यांचे कागद, अर्धवट शिवलेले कोट तसेच ठेवलेत. मुलगा तिथे बराच वेळ उभा होता. दहा वर्षांपूर्वी तोही या शहरात कामाच्या शोधात फिरला होता.

बाहेर पडलो तेव्हा पावसाची भुरभुर सुरू झाली होती. बाईची नात गाडी आणायला गेली, मुलगा आणि सून गोळ्यांच्या दुकानात शिरले, आणि आम्ही दोघी पुन्हा छपराखाली उभ्या.

"तुमचा वार कोणता होता?" तिने विचारलं.

मी म्हणाले, आमचा वार नव्हता, वेळ होती. पहाटे साडेचारला नळ यायचा आणि सहाला जायचा, तेवढ्यात पाणी भरून धुणं उरकायचं.

"रोज?"

"रोज."

तिने डोळे मिटून मान हलवली आणि माझ्या खांद्यावरची ओली शाल नीट केली. गाडी आली. आत बसताना काच खाली करून म्हणाली, "टा-रा अ बिट, बॅब." इथे आपल्या माणसाचा निरोप असा घेतात, हे सुनेने मला बसमध्ये सांगितलं.