आमची वाटचाल : काउंटरच्या आतल्या बाजूनं

सांगलीत विश्रामबागेत आमचं छोटं ऑफिस आहे. दुसऱ्यांच्या ऑफिसातले कॉम्प्युटर, प्रिंटर, नेटवर्क, हजेरीची मशिनं चालू ठेवणं हा आमचा धंदा. गिऱ्हाइकं म्हणाल तर पतसंस्था, मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढ्या, मिरजेतले दवाखाने, कुपवाड एमआयडीसीतले कारखाने. २००४ मध्ये सुरुवात केली तेव्हा एक दुरुस्तीचं टेबल होतं, विंडोज एक्सपीची सीडी होती आणि भिंतीवर भारनियमनाच्या वेळा चिकटवलेल्या होत्या. लाइट गेली की यूपीएस किंचाळायचा, त्याची बॅटरी कधीच मेलेली असायची आणि सकाळपासून भरलेल्या नोंदी पुन्हा भरायला लागायच्या. ‘बॅटरी बदला’ एवढा सल्ला दिला तरी त्या काळात आम्ही मोठे तज्ज्ञ ठरायचो.

या धंद्यात एक मजा आहे. पैसे देणारा वेगळा आणि मशिनपुढं बसणारा वेगळा. कोटेशन मॅनेजर साहेब मागवतात, सही चेअरमन करतात, आणि सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत त्या पडद्याकडं बघत बसते ती काउंटरवरची ताई. नवं सॉफ्टवेअर घेताना तिला कुणी विचारत नाही. आलेलं सॉफ्टवेअर चालत नाही तेव्हा मात्र गिऱ्हाइकाच्या शिव्या तीच खाते.

सुरुवातीची बरीच वर्षं आम्ही फेरीमागं पैसे घ्यायचो. जितके बिघाड तितक्या फेऱ्या, तितकं बिल. पुढं वर्षाचा मेंटेनन्स करार आला आणि त्याच्यासोबत तक्रारवही. एका पतसंस्थेत कराराच्या नूतनीकरणाला गेलो होतो. मॅनेजर साहेब खूश होते, “वर्षभरात वहीत तीन ओळी नाहीत बघा,” म्हणाले. चहा पिऊन बाहेर पडताना कॅशियर ताईंनी हळूच सांगितलं, “वहीत लिहिलं की साहेबांची सही लागती ओ. मग साहेब विचारत्यात, काय मोडलंस? त्यापेक्षा बंद करायचं आणि चालू करायचं. सवय झालीया.” रोज दोन-तीनदा बंद-चालू, आणि वही कोरी.

त्यानंतर आम्ही कामाची पद्धत बदलली. नवं गिऱ्हाईक आलं की कोटेशन देण्याआधी आमचा एक माणूस त्यांच्या काउंटरमागं खुर्ची टाकून अख्खा दिवस बसतो. काही दुरुस्त करायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, फक्त बघायचं. मालकांना आधी हे चमत्कारिक वाटतं. “दिवसभर बसून काय करणार?” असं विचारतात. पण जे त्या खुर्चीतून दिसतं ते वहीत कधीच येत नाही.

उदाहरणार्थ, सकाळचे अकरा. पेन्शनर मंडळी पासबुकं घेऊन रांगेत उभी असतात, आणि नेमक्या त्याच वेळी अँटिव्हायरसची रोजची तपासणी सुरू होते, कारण बसवणाऱ्यानं वेळ जशी आली तशी ठेवून दिलेली असते. जुनी हार्ड डिस्क घरघरायला लागते, पडदा गोठतो. रांगेतले आजोबा म्हणतात, “ह्या बाईंचं कायम असंच असतंय.” ताई गप्प. तपासणीची वेळ जेवणाच्या सुट्टीत ढकलायला पाच मिनिटं लागतात. हार्ड डिस्क काढून एसएसडी (आत काही न फिरणारी, वेगवान डिस्क) टाकली तर चालू व्हायला चहा पिऊन यावं लागणारं मशीन अर्ध्या मिनिटात तयार होतं. बऱ्याच ठिकाणी मालक सगळे कॉम्प्युटर नवे घ्यायला निघाले होते. आम्ही डिस्क आणि मेमरीवरच भागवलं. नव्या मशिनांवर आम्हाला जास्त सुटले असते, हे काही लपवायचं कारण नाही.

दुसरं पासवर्डचं. दर महिन्याला बदलायचा नियम असला की तो कीबोर्डखाली, कालनिर्णयाच्या मागं नाहीतर कॅल्क्युलेटरच्या पाठीवर लिहिलेला सापडणारच. नाव तेच, फक्त शेवटी महिन्याचा आकडा. अमेरिकेतल्या ‘निस्ट’ या मानक ठरवणाऱ्या संस्थेनं २०१७ मध्येच सांगितलं होतं की कारण नसताना ठरावीक मुदतीनं पासवर्ड बदलायला लावू नका, त्यापेक्षा लांब पासवर्ड वापरू द्या. हे आम्ही संचालक मंडळांना समजावतो. काही ऐकतात, काही ऑडिटरकडं बोट दाखवतात. ऐकतात तिथं प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन आणि चार शब्दांचा पासवर्ड. लोक शेताची, म्हशींची नावं जोडतात आणि विसरत नाहीत.

मराठी टायपिंगवर मात्र मी तासभर बोलू शकतो. पूर्वी प्रत्येक ऑफिसचा आपापला फॉन्ट असायचा. या ऑफिसातलं पत्र त्या ऑफिसात उघडलं की पडद्यावर नुसती चित्रविचित्र चिन्हं. सभेची इतिवृत्तं वर्षानुवर्षं टाइप केलेली, पण त्यात एक नाव शोधायचं तर सगळी पानं डोळ्यांखालून घालायची. युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर अक्षरं तशीच दिसणारी सामाईक पद्धत, आल्यावर हा प्रश्न सुटायला हवा होता. सुटला नाही, कारण युनिकोड बसवणाऱ्यांनी त्याबरोबर सगळ्यांवर इन्स्क्रिप्टचा कीबोर्डही लादला. इन्स्क्रिप्ट चांगलाच आहे: डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. नव्यानं शिकणाऱ्याला मी तोच शिका म्हणतो. पण ज्यानं टाइपरायटरवर मराठी टायपिंगची परीक्षा दिली आणि पंचवीस वर्षं त्याच बोटांवर काढली, त्याला पन्नाशीत नवी कळमांडणी कशाला?

एका संस्थेत असे एक हेडक्लार्क होते. अण्णा म्हणायचे सगळे त्यांना. इन्स्क्रिप्ट आल्यापासून अण्णा इतिवृत्त हातानं लिहायचे आणि शेजारची नवी मुलगी ते टाइप करायची. दोघंही वैतागलेले. आम्ही त्यांच्या मशिनवर युनिकोडच ठेवलं, पण कळमांडणी जुन्या रेमिंग्टन टाइपरायटरची दिली. पहिली ओळ टाइप करून पडद्यावर ‘कार्यकारी’मधला रफार जागेवर बसलेला बघितला आणि अण्णा म्हणाले, “हे व्हतं तर आधी का दिलं न्हाई?” कीबोर्डकडं न बघता त्यांनी पुढचं पान संपवलं. शेजारची मुलगी मोबाइलसारखं रोमन अक्षरांतून मराठी लिहिते. २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून विंडोज १० मध्येच तशी सोय आहे, बाहेरून काही बसवायला लागत नाही. दोघांनी लिहिलेला मजकूर एकाच फाइलमध्ये बसतो आणि शोधता येतो. ऑफिसला एवढंच हवं होतं; बोटं कुठल्या कळेवर पडतात याच्याशी ऑफिसला काय करायचंय? (जत भागातल्या शाखांत कन्नड नावं असतात. तिथं इन्स्क्रिप्टचा मोठा फायदा, कारण मराठीतला ‘क’ आणि कन्नडातला ‘क’ एकाच कळेवर.)

पिग्मी एजंटांचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं. रोज दुकानादुकानांत जाऊन थोडी थोडी बचत गोळा करायची ही पद्धत सिंडिकेट बँकेनं १९२८ मध्ये कर्नाटकात सुरू केली. आपल्याकडच्या पतसंस्थांचा मोठा आधार आजही तीच आहे. आधी एजंटाकडं कार्ड आणि पेन असायचं, मग हातातलं छोटं मशीन आलं, मग मोबाइल ॲप. ॲप दाखवायला आलेल्या कंपनीनं एसी हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर झकास दाखवलं होतं. गणपती पेठेत भर उन्हात ते उघडलं की पडद्यावर काही दिसत नव्हतं.

आमची एक इंजिनिअर एका एजंट काकांबरोबर बाजारात फिरली. काकांचा रस्ता ठरलेला: किराणा, मग भांडीवाला, मग पानपट्टी, मग कापड दुकान. ॲपमधली यादी खाते क्रमांकाप्रमाणं. म्हणजे प्रत्येक दुकानापुढं थांबून यादी वरखाली सरकवायची, चष्मा पुसायचा, नाव शोधायचं, रक्कम टाइप करायची, आणि तोवर दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळलेला. भांडीवाला रोज शंभरच देतो, तरी शंभर रोज नव्यानं टाइप करायचे. पावतीच्या छोट्या प्रिंटरचं ब्लूटूथ मधेच सुटलं की काका फुटपाथवर उभे राहून जोडणी करत बसायचे. वेळ वाचवायला ते पुन्हा कागदावर लिहून घ्यायला लागले होते आणि घरी जाऊन रात्री नातवाकडून ॲपमध्ये भरून घ्यायचे.

त्याचा फटका बसायचा आत, कॅशियर ताईंना. एजंटांचा भरणा आल्याशिवाय दिवसाचा हिशोब बंद करता येत नाही, आणि डे-एंड झाल्याशिवाय घरी जाता येत नाही. काकांचे आकडे रात्री भरले जाणार असतील तर भरणा फोनवर विचारून घ्यायचा, कच्चा ताळा लावायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा जुळवायचा. तासगावची सहाची गाडी रोज हुकायची. मॅनेजरांच्या मते अडचण एजंटांची होती, “वय झालंय त्यांचं.”

आम्ही ॲप बनवणाऱ्या कंपनीकडं तीन गोष्टी मागितल्या. यादी एजंटाला स्वतःच्या रस्त्याप्रमाणं लावता यावी. कालची रक्कम आधीच भरलेली यावी, तेवढीच असेल तर एक बोट दाबून पुढं. आणि अक्षर मोठं, काळ्यावर पांढरं. “आमच्या सिस्टिममध्ये क्रम खाते क्रमांकानंच असतो,” असं उत्तर पुष्कळ दिवस येत राहिलं. शेवटी संस्थेच्या सचिवांनी पुढचा हप्ता अडवून धरला तेव्हा कुठं यादीत क्रमाचा एक रकाना आला. काकांनी त्यांचा रस्ता एकदाच भरून घेतला. आता नोंद दुकानातच होते, भरणा जाता जाता आत पोचतो, आणि डे-एंड बहुतेक दिवशी सहाच्या आत होतो. वय तेच आहे काकांचं.

कारखान्यात वेगळा मामला. फाउंड्रीत साचे भरणाऱ्या माणसाची बोटं वाळूनं घासून गुळगुळीत झालेली असतात. हळद पॉलिश करणाऱ्यांच्या बोटांवर पिवळी भुकटी. अंगठ्याच्या मशिनला रेषा सापडत नाहीत. माणूस पुसतो, पुन्हा दाबतो, मागं रांग वाढते, आणि मशिननं ओळखेपर्यंत वेळ टळून गेल्यानं अर्धा दिवस कापला जातो. तुम्ही वेळेवर गेटात होता हे सिद्ध करायचं तुम्ही. २०२० मध्ये करोनामुळं एका मशिनला सगळ्यांनी हात लावणं बंद झालं आणि चेहरा ओळखणारी मशिनं आली. एके ठिकाणी तीही सकाळीच रुसायची, दुपारच्या पाळीला व्यवस्थित. आमच्या पोरानं सकाळी सातला जाऊन बघितलं: गेट पूर्वेला, मशीन आतल्या भिंतीवर गेटाकडं तोंड करून, येणाऱ्याच्या पाठीमागून ऊन थेट कॅमेऱ्यात. मशीन बाजूच्या भिंतीवर सरकवलं, झालं. सोबत कार्डही ठेवलं, म्हणजे चेहरा नाही जमला तर कार्ड. आणि कामगाराला स्वतःची महिन्याची हजेरी मराठीत बघता येईल असा एक पडदा कँटीनमध्ये लावून घेतला. पगाराच्या दिवशी ऑफिसपुढं होणारी भांडणं त्या पडद्यानं जेवढी कमी केली तेवढी मशिननंही केली नाहीत.

२०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. तळमजल्यावरचे सर्व्हर गेले. त्यानंतर वरच्या मजल्यावर सर्व्हर आणि गावाबाहेर बॅकअप याबद्दल कुणी हुज्जत घातली नाही.

आमचा हिशोबही यात बदलला. आता आम्ही फेरीमागं किंवा मशिनमागं पैसे घेत नाही, खुर्चीमागं वर्षाचा दर घेतो. त्यात मशीन, प्रिंटर, टायपिंग, लॉगिन, सगळं आलं. बिघाड कमी झाले तर फायदा आमचा. फोनसाठी कुणाची सही लागत नाही. कुणीही थेट फोन करायचा, मराठीत सांगायचं. करार बदलला त्या वर्षी फोन दुपटीनं वाढले आणि माझी झोप उडाली होती. पुढच्या वर्षी उतरले. माणसं घेताना आम्ही डिप्लोमा बघतो, पण त्याहून जास्त हे बघतो की समोरच्याच्या हातातला माउस न ओढता याला किंवा हिला दिवसभर बसता येतं का. भल्या भल्या हुशार पोरांना ते जमत नाही.

एक काम आम्ही घेत नाही. कर्मचारी दिवसभर काय करतो हे पडद्याचे फोटो काढून मालकाला दाखवणारं सॉफ्टवेअर बसवून द्या, अशी मागणी लॉकडाउननंतर बरीच आली. दोन चांगली गिऱ्हाइकं त्यावरून गेली. ज्या ताईनं आम्हाला खरं सांगितलं म्हणून आमचा धंदा उभा राहिला, तिच्यावर कॅमेरा लावून उद्या तिच्या शेजारी खुर्ची टाकायची कुठल्या तोंडानं?

सध्या डोक्यात विंडोज १० आहे. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ज्या जुन्या मशिनांना आम्ही एसएसडी टाकून पळवलं, त्यांतली बरीच विंडोज ११ घेत नाहीत. आता नवी घ्यावीच लागतील, पण सगळी एकदम घेणं कुणाला परवडत नाही. नेहमीचा रिवाज असा की नवं मशीन केबिनमध्ये जातं आणि केबिनमधलं जुनं काउंटरवर येतं. आम्ही कोटेशनमध्ये क्रम उलटा लिहितो: आधी कॅश काउंटर, मग पासबुक छापायचं टेबल, मग कर्ज विभाग, शेवटी केबिन. एका संस्थेनं तसाच ठराव केला. दुसरीकडं कोटेशन अजून टेबलावर आहे. तिथल्या मॅनेजर साहेबांना सत्तावीस इंची स्क्रीन हवाय आणि आमच्या यादीत तो नाही.